डावी जोडणी

इंजिन म्हणतात त्याला, पण धूर नाही, धडधड नाही.
माझगावच्या दीड खोलीत, कपाटाच्या आडोशाला बसून
तीन उन्हाळे मी ते लिहीत होते.
सगळं मिळून एका फ्लॉपीत मावायचं,
वर उरलेल्या जागेत आईच्या औषधांची यादी.

सर्व्हर नको, थंडगार खोली नको,
गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस नको.
एक फाइल. तीच वही, तीच तिजोरी.
ससून डॉकवर ती पहिल्यांदा चालली
सोसायटीच्या पिवळ्या पडलेल्या संगणकावर,
ज्याच्या कळांमध्ये खवले अडकलेले असत
आणि ‘ळ’ दाबायला पेनाचं टोपण लागे.
मग बर्फाच्या कारखान्यातल्या डब्यावर,
डिझेल पंपाच्या हातयंत्रावर,
जगन नाखवाच्या धाकट्याच्या तडकलेल्या फोनवर.
बाइट न बाइट तीच.
कुठल्याही चुलीवर शिजेल असा भात
मला करायचा होता, बाकी काही नाही.

तक्ते दोनच.
एकात निघालेल्या बोटी : नंबर, तांडेल, बर्फाच्या लाद्या, डिझेल.
दुसऱ्यात परतलेल्या : नंबर, तारीख, माल.
नंबर दोन्हीकडे.
पुस्तकात याला नातं म्हणतात,
एवढ्याशा आकड्याला.

शनिवारी सेक्रेटरी वैती म्हणाले, यादी काढ.
मी दोन्ही तक्ते जोडले. एक्केचाळीस बोटी, सुबक, खालून रेघ.
चांगुणाबाई टोपली दाराशी ठेवून आत आली,
तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.
‘येक कमी हाय,’ म्हणाली. ‘हिंगळाई खंय गेली?’

दोन रात्री मी इंजिन उसवत बसले.
पानं तपासली, निर्देशांक तपासले,
वीज गेली तेव्हा अर्धवट काही लिहिलं गेलं का, तेही पाहिलं.
चूक नव्हती.
मीच विचारलं होतं : दोन्हीकडे आहेत तेवढ्याच दाखव.
त्यानं तेवढ्याच दाखवल्या.
घंटा वाजली नाही, लाल अक्षरं आली नाहीत,
सोळा मीटर लांबीची बोट, सात माणसं, साठ लाद्या बर्फ
दोन तक्त्यांच्या मधल्या फटीतून गेली खाली,
आणि बेरीज बरोबर आली.

वैती म्हणाले, मालाच्या रकान्यात शून्य टाक,
आजची तारीख घाल, ऑडिटला बरं पडेल.

‘शून्य नको लिवू, पोरी,’ चांगुणाबाई म्हणाली.
‘शून्य म्हंजे आला, नि रिकाम्या हातानं आला.
त्यो आला नाय अजून.
रिकामा ठेव.’

मी या एका फरकावर चाळीस पानं लिहिली होती,
शून्य निराळं, माहीत नसणं निराळं,
कोष्टकं काढून, उदाहरणं देऊन.
ती तिनं टोपली उचलायच्या आत संपवली.

मग मी एक शब्द बदलला.
डावी जोडणी : डावीकडचं सगळं ठेव,
उजवीकडे जोडीदार मिळो न मिळो.
प्रिंटर कुरकुरला. बेचाळीस ओळी.
हिंगळाई, तांडेल मधुसूदन, लाद्या साठ, डिझेल भरलेलं,
आणि पुढे नुसता कागद.

तिथे तिनं बोट ठेवलं.
मासळीच्या पाण्यानं ओलं बोट,
ठसा राहिला, कोपऱ्याकडे जरा पसरलेला.

ऑडिटरनं त्याच ओळीशी लाल पेनानं विचारलंय, हे काय?
वैतींनी तो कागद माझ्याकडे पाठवला.
संगणक त्यानंतर तीनदा बदलले,
फाइल उचलायची आणि ठेवायची, एवढंच काम.
शनिवारी कुणीतरी यादी काढतं अजून.
ऑडिटरला उत्तर लिहायचं राहिलंय माझं.